पट्टीवर साखर निल, बेनेडिक्टमध्ये नारिंगी

भाऊ, तुमच्या भाच्याचे दोन्ही रिपोर्ट वाचले. बाळ बारा दिवसांचं, कावीळ उतरत नाही, दूध पाजलं की ओकतं. लघवीच्या पट्टीवर साखर निल, बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात उकळली तर मात्र नारिंगी, म्हणजे साखर आहे. चोपडा गावात तुम्हाला सांगितलं, की एक रिपोर्ट चुकला असेल. मी जळगावात अठ्ठावीस वर्षं हीच तपासणी केली आहे. बहुधा दोन्ही बरोबर आहेत.

पट्टीवरचं एन्झाइम ग्लुकोजशिवाय दुसऱ्या साखरेला शिवत नाही. बेनेडिक्टचं तसं नाही. पाच मिली निळं द्रावण, लघवीचे आठ थेंब, उकळायचं. गॅलॅक्टोज, फ्रुक्टोज, लॅक्टोज, काहीही असलं की निळं हिरवट होतं, मग पिवळं, नारिंगी. फार असलं तर विटकरी गाळ तळाशी बसतो. (चहातली साखर मात्र यात कळत नाही.)

या वयात, काविळीसोबत, असा निकाल आला की पहिली शंका गॅलॅक्टोसेमियाची. दुधातल्या लॅक्टोजपासून गॅलॅक्टोज सुटतं, ते पचवणारं गाल्ट हे एन्झाइम बाळात जन्मतःच नसतं. आईबाप दोघं वाहक, पण धडधाकट. म्हणून 'आमच्यात कुणालाच नाही' यावर जाऊ नका.

शंकाच म्हणतो. नवजात बाळाच्या लघवीत थोडं लॅक्टोज सापडतं, यकृत बिघडलं तरी लघवीत गॅलॅक्टोज येतं. साखर कोणती ते क्रोमॅटोग्राफीत, म्हणजे साखरा वेगवेगळ्या करून ओळखायच्या तपासणीत, कळतं, निदान पक्कं होतं रक्तातल्या गाल्टवरून.

लघवी बाळ दूध पीत असतानाचीच हवी. नुसत्या सलाइनवर ठेवलं की एकदोन दिवसांत गॅलॅक्टोज जातं आणि द्रावण निळंच राहतं. तुमचा नमुना दुधावरचा होता, हे फार बरं झालं. गाल्टसाठी रक्त मात्र, रक्त चढवायची वेळ आलीच तर, त्याआधी काढून ठेवायला सांगा. एका बाळाचं नंतर काढलं होतं. गाल्ट नॉर्मल आलं, ते रक्तदात्याच्या पेशींचं! बाळ दूध पीत राहिलं. पुन्हा आमच्याकडे आणलं तेव्हा दोन्ही बाहुल्या पांढुरक्या झाल्या होत्या. ते डोळे मला अजून दिसतात.

नमुना मुंबई-पुण्याला जाईल, दिवस लागतील. तोवर थांबू नका. आजच दोन्ही रिपोर्ट बालरोगतज्ज्ञांपुढे शेजारी शेजारी ठेवा आणि विचारा, गॅलॅक्टोसेमिया धरून अंगावरचं दूध थांबवून सोयाची पावडर सुरू करायची का. वहिनींना जड जाईल, पण विचारा. आजींना सांगा, मधाचं बोट नको. मधात फ्रुक्टोज असतं, आणि फ्रुक्टोज न पचणाऱ्या आजारातही असंच दिसतं. बाळ सुस्त पडलं, अंग गार लागलं, तर रात्र काढू नका. या बाळांच्या रक्तात ई. कोलाय या जंतूचा संसर्ग फार झपाट्याने पसरतो.