मार्कस लॅटिमोर एनएफएलमध्ये एकही सामना का खेळला नाही?

इतका गुणी रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा खेळाडू) असूनही मार्कस लॅटिमोर एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, का दिसला नाही, शस्त्रक्रियेने त्याचा गुडघा बरा झाला नव्हता का, असे आपण विचारले आहे. गुडघा बरा झाला होता, पण चालण्या-फिरण्यापुरता.

साउथ कॅरोलिना विद्यापीठाकडून खेळताना पहिल्याच वर्षी, म्हणजे 2010 मध्ये, त्याने 1,197 यार्ड धाव घेऊन 17 टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेणे) केले. त्या नोव्हेंबरमध्ये फ्लोरिडाविरुद्ध त्याच्या हाती तब्बल 40 वेळा चेंडू दिला गेला आणि त्याने 212 यार्ड मिळवले. 19 वर्षांच्या पोराला एका रात्रीत इतके राबवून घ्यावे का, हा प्रश्न मला आजही पडतो. 2011 च्या ऑक्टोबरमध्ये डाव्या गुडघ्याचा अस्थिबंध (लिगामेंट) तुटला. त्यातून सावरून तो परतला, तर 27 ऑक्टोबर 2012 रोजी टेनेसीविरुद्धच्या सामन्यात उजवा गुडघाच निखळला. पडद्यावर ते दृश्य पाहताना मी नजर वळवली होती, कारण गुडघ्याखालचा पाय भलत्याच दिशेला लोंबत होता. दोन्ही संघांचे खेळाडू मैदानात उतरून त्याच्याभोवती उभे राहिले.

एक अस्थिबंध तुटणे आणि सांधा निखळणे यांत फार अंतर आहे. निखळताना बहुधा एकाहून अधिक अस्थिबंध एकदम तुटतात, शिवाय सांध्यालगतची रक्तवाहिनी आणि मज्जातंतू यांनाही धोका असतो. रनिंग बॅकला तर भर वेगात एका पायावर सारा भार तोलून क्षणार्धात दिशा बदलावी लागते, आणि दुरुस्त केलेला गुडघा नेमका तिथेच दगा देतो. एनएफएलमधील सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स संघाने 2013 मध्ये नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत त्याला चौथ्या फेरीत निवडले, सावरायला पूर्ण हंगाम दिला, तरीही नोव्हेंबर 2014 मध्ये, वयाच्या 23व्या वर्षी, त्याने निवृत्ती घेतली.

माझ्या मते दुखापतीइतकाच दोष नियमांचाही आहे. शाळा संपल्यावर तीन वर्षे होईपर्यंत एनएफएलचे दार बंद, आणि त्या काळी विद्यापीठाने शिष्यवृत्तीपलीकडे मानधन देण्यास बंदी! त्यामुळे 2,677 यार्ड आणि 38 टचडाउन ही त्याची सारी धाव त्या तीन बिनपगारी हंगामांतच संपली.