इंग्रजीत एखाद्याला ‘मिल्कटोस्ट’ का म्हणतात? हा शब्द आला कुठून, आणि तो ‘विंप’पेक्षा वेगळा आहे का?

अमेरिकन राजकारणावरच्या लेखात एका सिनेटरला ‘मिल्कटोस्ट’ म्हटलेलं तुम्ही वाचलंत आणि शब्दकोशात फक्त ‘दुबळा, भित्रा’ एवढंच मिळालं, असं लिहिलंय. मी इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करतो. याच शब्दावर मी एकदा सपशेल चुकलो होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

‘मिल्क टोस्ट’ हा मुळात एक खायचा पदार्थ. आधी तो समजून घ्या. आपल्याकडे टोस्ट म्हणजे चहात बुडवायचा तो कडक टोस्ट. हा तो नव्हे. पाव भाजायचा, लोणी लावायचं, खोलगट ताटलीत ठेवून वरून गरम दूध ओतायचं आणि चवीला मीठ किंवा साखर घालायची. जुन्या अमेरिकन घरांत आजारी माणसाला, पोट बिघडलेल्या मुलाला हे देत. मी घरी करून पाहिलं. दोन मिनिटांत पावाच्या कडासुद्धा लिबलिबीत झाल्या, दातांना काही कामच उरलं नाही. चव मात्र वाईट नव्हती. तापात आई जो मऊ भात भरवायची, त्याची आठवण आली.

१९२४ साली एच. टी. वेबस्टर या व्यंगचित्रकाराने ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या दैनिकात एक भिडस्त, घाबरट गृहस्थ चितारायला सुरुवात केली. चित्रमालिकेचं नाव ‘द टिमिड सोल’ आणि या गृहस्थांचं नाव कॅस्पर मिल्कटोस्ट. आडनाव त्या पदार्थावरूनच घेतलं, फक्त स्पेलिंगमध्ये ‘के’च्या जागी ‘क्यू-यू-ई’ घालून त्याला फ्रेंच घराण्याचा थाट दिला. म्हणून तुम्हाला तो शब्द परका वाटला. वारा आला आणि कॅस्परची टोपी उडून हिरवळीवर पडली, शेजारी पाटी ‘हिरवळीवर चालू नये’. तो टोपी उचलत नाही, नवीन विकत घ्यायचं ठरवतो. आणखी एका चित्रात तो भर पावसात कुणाची तरी वाट बघत उभा आहे. ज्याची वाट बघतोय, त्याला याच्याकडूनच पैसे उसने हवे आहेत! अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट म्हणत, हळू बोलावं आणि हातात दंडुका ठेवावा. वेबस्टरने आपल्या पात्राचं वर्णन केलं ते असं, की हा हळू बोलतो आणि वर दंडुका खातो.

वाचकांना हा माणूस इतका ओळखीचा वाटला की थोड्याच वर्षांत त्याचं आडनाव सामान्यनाम झालं आणि लहान अक्षरात छापलं जाऊ लागलं.

दुधात भिजलेल्या पावावरून माणसाला हिणवणं मात्र त्याहून कितीतरी जुनं आहे. ‘मिल्कसॉप’ हा शब्द चौदाव्या शतकात इंग्रज कवी चॉसरकडे सापडतो. ‘सॉप’ म्हणजे द्रवात भिजवलेला पावाचा तुकडा. चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मध्ये खानावळीचा मालक बायकोची तक्रार सांगतो: मिल्कसॉपशी लग्न करायचं माझ्या नशिबी आलं, कुणीही येऊन याच्या डोक्यावर बसावं, असं ती म्हणते. शेक्सपिअरचा राजा तिसरा रिचर्डसुद्धा लढाईच्या तोंडावर आपला शत्रू रिचमंड याला मिल्कसॉप म्हणतो, आणि त्याच लढाईत त्याच्याकडून मरतो.

आता ‘विंप’. तो धारदार आहे, तोंडावर फेकायचा शब्द आहे, आणि त्यात धैर्य नसल्याचा थेट आरोप आहे. १९८७ च्या ऑक्टोबरात ‘न्यूजवीक’ या साप्ताहिकाने तेव्हा अमेरिकेचे उपाध्यक्ष असलेल्या थोरल्या बुश यांच्यावर मुखपृष्ठकथा केली, तिच्या मथळ्यात हाच शब्द होता. ज्या माणसाचं विमान १९४४ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, जपान्यांनी पाडलं होतं, त्याला हा शब्द! मला ते आजही अन्यायाचं वाटतं. ‘सिसी’ आणखी वाईट. तो ‘सिस्टर’वरून आला, म्हणजे आपल्या ‘बायल्या’चा भाऊच. पुरुषाला हिणवायला बाईला कमी लेखणारे हे शब्द मी स्वतः वापरत नाही. मिल्कटोस्टमध्ये तो दोष नाही.

माझी चूक इथेच झाली. एका कथेत नायिका आपल्या वडिलांना मिल्कटोस्ट म्हणते, मी बेधडक ‘नामर्द’ लिहून मोकळा झालो. हस्तलिखित तपासणाऱ्या ज्येष्ठ बाईंनी शब्दाभोवती पेन्सिलने गोल केला आणि समासात लिहिलं, “या बिचाऱ्याने असं काय केलंय?” त्यांचं बरोबर होतं. ते वडील पळपुटे नव्हते, कुणाला दगा देणारे नव्हते. हॉटेलात थंडगार जेवण आलं तरी वेटरला हाक मारायला कचरत, एवढंच. कुणाला दुखवायचं नाही म्हणून आयुष्यभर मागे सरकलेला माणूस होता तो. त्या जागी शेवटी ‘शामळू’ आला आणि वाक्य जागेवर बसलं.

शरीराने दुबळ्या माणसाला हा शब्द लावू नका. पैलवानसुद्धा मिल्कटोस्ट असू शकतो. आपल्याकडे खेळात लहानग्याला ‘दूधभात’ म्हणून सांभाळून घेतात, तिथे दुधाचीच उपमा आहे, पण प्रेमाने केलेली. म्हणून हा शब्द ‘दूधभात’ असाही मराठीत आणता येत नाही.

हल्ली तो माणसापेक्षा भूमिकेला जास्त लावतात: मिल्कटोस्ट निवेदन, मिल्कटोस्ट ठराव. तिथे मी डोळे झाकून ‘गुळमुळीत’ लिहितो. तुमच्या लेखातल्या सिनेटरने मतदानाच्या वेळी कुणालाच नाराज करायचं टाळलं असेल, तर त्यालाही ‘गुळमुळीत’च चालेल. पक्षातल्या दादा लोकांपुढे त्याची जीभ उचलत नसेल, तर ‘नेभळट’ लिहा.