दर दोन आठवड्यांनी पगार आणि डोक्यावर कार्डाचं कर्ज

अमेरिकेत पगार एक शुक्रवार सोडून एक येत असेल, तर वर्षात 26 पगार होतात. त्यांना 12 ने भागून महिन्याचं गणित मांडू नका, बहुतेकांची गाडी इथेच घसरते. हातात 2,000 डॉलर पडत असतील तर सरासरी 4,333 निघते, पण बारातल्या दहा महिन्यांत खात्यात 4,000च येतात. घरखर्च 4,000मध्येच बसवा.

भाडं एक तारखेला जातं. ते 1,600 असेल तर प्रत्येक पगाराच्या दिवशीच 800 वेगळ्या खात्यात टाका. नाहीतर महिनाअखेरचा अख्खा पगार भाड्यात जातो आणि किराणा कार्डावर चढतो.

कार्डावर थकबाकी असेल तर व्याज रोजच्या शिल्लकीवर लागतं, नव्या खरेदीवरही सहसा पहिल्या दिवसापासून. म्हणून शेवटच्या तारखेची वाट बघू नका, पगार झाला की लगेच भरा. 24 टक्के दराने 3,000 डॉलरवर महिन्याला साधारण 60 डॉलर नुसतं व्याज जातं. किमान रकमेचं ऑटोपे लावाच, उशिराचा दंड तरी वाचतो. देय तारीख पगाराला जुळत नसेल तर फोन करून बदलून मागा. बऱ्याच बँका बदलून देतात.

वर्षात दोन महिने तीन पगार येतात. ते कॅलेंडरवर आजच लाल पेनाने गोल करा. तो तिसरा पगार सर्वात जास्त व्याजाच्या कार्डावर. भारतवारीची तिकिटं त्यातून काढायचा मोह होतोच. त्यासाठी दर पगाराला 75 डॉलर बाजूला टाका.