दीड लाखाचा क्लास आणि खोलीतला सर्व्हर

प्रश्न : मी अंबडच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. मुलगा कॉम्प्युटर डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला, टक्के ६४. जुन्या बाजारातून आणलेल्या मशीनवर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत ‘सर्व्हर, सर्व्हर’ करत बसतो. लाइटबिल वाढलं म्हणून मागच्या आठवड्यात रागाने प्लग काढला, तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. आता सगळं क्लाउडवर गेलंय, सर्व्हरवाल्यांचं काही खरं नाही, असं एका क्लासवाल्यांनी सांगितलं. त्यांचा डेटा सायन्सचा कोर्स दीड लाखाचा आहे. कर्ज काढू का? – एक पालक, सिडको, नाशिक

उत्तर : नका काढू.

तुमच्या पत्रात टक्के आहेत, फी आहे, लाइटबिल आहे. मुलगा त्या मशीनवर नेमकं काय करतो, याबद्दल एक ओळ नाही. तुम्ही विचारलंच नसावं. तुमच्या शॉपवर एखाद्या हेल्परने न विचारता चालू मशीनचा मेन पाडला, तर तुम्ही त्याला दारात उभं कराल का? त्या क्षणी जे डिस्कवर उतरलं नव्हतं, ते सगळं गेलं. बिलाची तक्रार रास्त आहे, जुना सर्व्हर वीज खातोच. पण ‘बारानंतर बंद’ एवढं बोलून ठरवता आलं असतं. आणि हा दीड लाखाचा निर्णयही तुम्ही त्याच्या अपरोक्षच घेताय, याचं मला बिलापेक्षा जास्त वाटतं.

आता क्लाउडचं. क्लाउड म्हणजे दुसऱ्याचे सर्व्हर इंटरनेटवरून भाड्याने वापरणं. क्लाउडवर गेलेली कामंही शेवटी कुठल्यातरी इमारतीतल्या सर्व्हरवरच चालतात, आणि अशा काही इमारती नवी मुंबईत ऐरोली-महापे पट्ट्यात आहेत. तिथे स्क्रू पिळायला माणसं लागतात, पण मुख्य काम पडद्यावर होतं. सर्व्हरच्या आत एक छोटा स्वतंत्र कंट्रोलर असतो. डेलवाले त्याला आयड्रॅक म्हणतात, एचपीईवाले आयएलओ. सर्व्हर बंद पडला तरी, वीज आणि नेटवर्क असलं की, त्यातून तो लांबून चालू करता येतो, तापमान आणि पंखे बघता येतात. त्याच लोखंडी सर्व्हरवर अनेक आभासी सर्व्हर म्हणजे व्हीएम चालतात. ते व्हीसेंटर किंवा प्रॉक्समॉक्ससारख्या सॉफ्टवेअरमधून सांभाळतात. दुरुस्तीला मशीन घ्यायचं असेल, तर त्यावरची व्हीएम चालू असतानाच दुसऱ्या मशीनवर हलवतात, वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. हे येणारा माणूस क्लाउडने बेकार होत नाही, क्लाउड चालवायलाच तो लागतो. आटलंय ते छोट्या ऑफिसातला एकुलता सर्व्हर बघणाऱ्याचं काम. क्लासवाल्यांनी अर्धंच खरं सांगितलं, आणि उरलेल्या अर्ध्याची फी लावली.

मुलालाही थोडं सुनावतो. एकाच कंपनीची बटणं पाठ करून भागणार नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर, म्हणजे व्हीसेंटर बनवणारी कंपनी, विकत घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमचं लायसन्स विकणं बंद करून वर्गणी सुरू केली. वर्षानुवर्षं व्हीएमवेअरवर बसलेले अनेक ग्राहक दुसरे पर्याय शोधू लागले. ज्यांना खालचं लिनक्स (सर्व्हरवरची ऑपरेटिंग सिस्टिम), नेटवर्किंग, स्टोरेज कळत होतं, त्यांना नवीन सॉफ्टवेअर शिकणं जड गेलं नसणार. शेकडो मशिनांवर एकच बदल हाताने करत बसायचा नसतो, म्हणून ते आपोआप करून देणारं अँसिबल हे सॉफ्टवेअरही शिकावं. आणि सुरुवातीची नोकरी बहुधा नाशिकबाहेर, रात्रपाळीची असेल, हे त्याच्या आईने आजच ऐकून ठेवावं.

डिप्लोमानंतर गुणांवर थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग आहेच, त्यावर फार लिहीत नाही. परीक्षाच द्यायची तर रेड हॅट या लिनक्स कंपनीची आरएचसीएसए ही प्रमाणपत्र परीक्षा द्यावी. ती प्रत्यक्ष मशीनवर काम करून दाखवायची असते, तिथे हे ६४ टक्के कोणी विचारत नाही.

या रविवारी त्याच्या शेजारी खुर्ची घ्या. एक व्हीएम मुद्दाम उडवून बॅकअपवरून परत उभी करायला सांगा. किती वेळ लागला, कुठे अडलं, ते त्याने लिहून ठेवावं. जमलं नाही, तर पुढच्या महिन्याचा अभ्यास तोच.