पुण्यात इंटरसेक्स व्यक्ती (ज्यांच्या शरीराची लैंगिक घडण जन्मतःच ठरावीक बाई किंवा पुरुषासारखी नसते) आणि त्यांना साथ देणारे यांचा गट उभा करायचा आहे. सुरुवात मोठ्या कार्यक्रमाने करावी का?

नको. हॉल घेऊन तर मुळीच नको. आम्ही तेच केलं होतं.

मी इंटरसेक्स आहे. एआयएस, म्हणजे पुरुषी हार्मोनला शरीर दाद देत नाही. गुणसूत्रं एक्सवाय, शरीर बाईचं, पाळी कधीच आली नाही. सोळाव्या वर्षी ऑपरेशन झालं, मला 'हर्नियाचं' म्हणून सांगितलं. खरं काय ते सत्ताविसाव्या वर्षी कळलं, आईच्या कपाटात साड्यांखाली ठेवलेली फाइल हाती लागली तेव्हा. घरात यावर मोकळेपणी बोलणारा पहिला माणूस माझा दादा. त्याची उमर चळवळीत गेलेली. तो म्हणाला, २६ ऑक्टोबरला इंटरसेक्स जागृती दिवस असतो, नवी पेठेत हॉल घेऊ, माणसं जमवू, तू बोल.

माणसं जमली, पन्नासेक. विद्यार्थी, दोन वकील, दादाचे मित्र. सगळे साथ द्यायला आलेले. आमच्यातली मी, आणि दाराशी सासवडहून आलेली एक मुलगी, आईबरोबर. आत सतरंजी होती, बाहेर चपलांचा ढीग. या दोघींनी चपला काढल्याच नाहीत. नाव-नंबर लिहायची वही त्यांच्यापुढे धरली, तेव्हा आईने पेन घेतलं, टोपण काढलं, परत लावलं. तेवढ्यात कुणीतरी फोटोसाठी मोबाइल वर केला. पुन्हा पाहिलं तर दारात कुणी नव्हतं.

माझं नाव पुकारत होते, मी जिना उतरून धावले. गांजवे चौकात गाठलं त्यांना. अमृततुल्यात पाऊण तास बसलो. आई काहीच बोलली नाही. मुलीने एवढंच विचारलं, "ताई, तुमचीपण फाइल लपवून ठेवली होती का?"

रात्री दादा म्हणाला, "भाषण टाकून पळालीस. अजून लाजतेस तू."

पुढचा गट माझ्या स्वयंपाकघरात जमला. चौघी, त्यातल्या दोघी आयांना घेऊन आल्या. वही नाही, फोटो नाही, खऱ्या नावाची सक्ती नाही. आया आपसांत बोलल्या आणि त्याने जे झालं ते कुठल्याही भाषणाने होत नाही. साथ देणाऱ्यांना आम्ही सहा महिन्यांनी बोलावलं, तेही कामं ठरवून. हार्मोनच्या डॉक्टरांकडे सोबत जा, जुनी फाइल मागायला अर्ज लिहून द्या. रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यायचे, असं डॉक्टरांवर बंधन आहे. पण जपून ठेवायचं बंधन तीनच वर्षांचं, म्हणून घाई करावी लागते. साथ देणाऱ्यांतल्या एका वकील मुलीने दोघींच्या फायली अशाच मिळवल्या. ज्याला फक्त माइक हवा, त्याला नंतर बोलवा.

आमंत्रणात शब्दही जपून वापरा. २०१९च्या कायद्याने 'ट्रान्सजेंडर'च्या व्याख्येतच इंटरसेक्स व्यक्ती घातल्या. काहींना ते चालतं. पण पाळी आली नाही म्हणून डॉक्टरकडे गेलेल्या बाईला त्या शब्दात आपण दिसतच नाही, ती येणार नाही. 'जन्मतः शरीराची घडण वेगळी' असं साधं लिहा.

हे सगळं मुख्यतः एआयएसच्या बायकांच्या अनुभवावरून सांगते आहे, पुरुष म्हणून वाढलेल्यांचं वेगळं असू शकतं. आणि कुणी नवजात बाळाचे आईबाप हे वाचत असतील तर गटाची वाट पाहू नका. सीएएच, म्हणजे अ‍ॅड्रिनल ग्रंथींचा जन्मजात विकार असलेल्या काही बाळांच्या अंगातलं मीठ पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच धोक्याच्या पातळीपर्यंत उतरतं, औषध लगेच लागतं. जिवाला धोका नसताना केवळ लिंग 'नीट दिसावं' म्हणून करायचं ऑपरेशन मात्र थांबू शकतं. मद्रास उच्च न्यायालयाने २०१९मध्ये तान्ह्या बाळांवर अशा शस्त्रक्रिया करू नयेत असं सांगितलं, पण तो आदेश तमिळनाडूपुरता. इथे तुम्हालाच ठामपणे 'थांबा' म्हणावं लागेल.

दादा, तू हे वाचशील. मी लाजले नव्हते. ती वही अजून माझ्याकडे आहे. पन्नास नावं आहेत तिच्यात, आमच्यातलं एकही नाही. माझंसुद्धा नाही.