हेडफोनच्या कपालाच ३.५ मिमीचा सॉकेट बसवून वायर काढता-घालता येईल असं घरी करता येतं का?

हो, येतं. तुम्ही लिहिलंय की डाव्या कपातून वायर जिथे बाहेर येते तिथेच ती दोनदा तुटली, दुकानातून जोडून आणली आणि आता परत एका कानाचा आवाज जातोय. ती तिथेच तुटणार, कारण रोज तिथेच वाकते, आणि जिथे डाग (कथलाचा जोड, सोल्डर) दिलाय तिथे ती कडक होते मग त्याच्या शेजारी तुटते. सॉकेट बसवला की तुटली तर नुसती केबल तुटेल, ती बदलायची, हेडफोन उघडायची गरजच नाही. मी दोन हेडफोनना आणि बाबांच्या जुन्या ट्रान्झिस्टरला असे सॉकेट बसवलेत. त्यातला पहिला हेडफोन वाया गेला, तो का गेला ते आधी सांगतो.

मी आधी भोक पाडलं आणि जागा नंतर मोजली. सॉकेट मस्त बसला, पण प्लगची दांडी साधारण १४ मिमी लांब असते आणि बऱ्याच सॉकेटांमध्ये तिचं टोक मागून बाहेर येतं, ते मी धरलंच नव्हतं. कप नीट बंद होईना म्हणून दाबून स्क्रू मारले आणि सॉकेटने ड्रायव्हरच्या, म्हणजे कपातल्या छोट्या स्पीकरच्या, पाठीवरचा डागच उखडला. तिथे कॉइलची केसाएवढी तार असते, ती तुटली की ड्रायव्हर गेला. म्हणून ड्रिल हातात घ्यायच्या आधी एवढं करा, कणकेची छोटी गोळी प्लास्टिकच्या तुकड्यात गुंडाळून सॉकेट जिथे येणार तिथे ठेवा, कप बंद करा, परत उघडा आणि गोळी किती चेपली ते बघा. जेवढी जाडी उरली तेवढीच तुमची जागा. सॉकेटमध्ये प्लग घालून मोजा, नुसता सॉकेट मोजू नका. ब्लूटूथवाला हेडफोन असेल तर आत लिथियमची चपटी बॅटरी कुठे आहे ते आधी बघा, तिच्या आसपास ड्रिल अजिबात नको.

सॉकेट घेताना दुकानात 'पॅनल माउंट, स्टिरिओ, नटवाला' असं सांगा. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, दहा-वीस रुपयांना मिळतो, दोन-तीन घेऊन ठेवा. दोन पायांचा देतील तो मोनो, तो नको, तुम्हाला निदान तीन पायांचा हवा. त्याच्या आट्यांची लांबी पण बघा, ती जेमतेम ४ मिमी असते, कपाची भिंत जाड असेल तर नटाला पकडायला काही उरतच नाही, मग आतल्या बाजूने भिंत थोडी खरवडून पातळ करावी लागते.

भोक साधारण ६ मिमीचं लागतं पण थेट ६ चा बिट लावू नका, प्लास्टिक चिरतं. आधी २ चा, मग ४ चा, शेवटचा बिट हातानेच फिरवा आणि गोल कानशीने थोडं थोडं वाढवत सॉकेट घालून बघत राहा. गरम सोल्डरिंग गनने भोक पाडू नका, कडा वितळून जाड होते आणि नट तिरका बसतो. ड्रायव्हर शक्यतो बाहेर काढूनच हे सगळं करा, नाही जमलं तर त्याच्यावर टेप लावा. त्याचं चुंबक चांगलं तगडं असतं, लोखंडाचा कीस एकदा आत चिकटला की करकर आवाज कायमचा. डाग देताना पण हे लक्षात ठेवा, गनच्या टोकावरही सहसा लोखंडाचा थर असतो, टोक ड्रायव्हरच्या जवळ नेलं की हातातून ओढल्यासारखं होतं, पहिल्या वेळी दचकायला होतं आणि तेवढ्यात ड्रायव्हरच्या पातळ पडद्याला भोक पडतं.

आता वायर. आत बारीक रंगीत वायर दिसतील, लाल, हिरवी किंवा निळी आणि तांब्याच्या रंगाची. हा रंग म्हणजे तारेवरचं वॉर्निश आहे, ते काढल्याशिवाय डाग धरतच नाही, दुरुस्ती फसते ती बहुतेक वेळा इथेच. मी काय करतो, गनच्या टोकावर कथलाचा छान गोल थेंब घेतो, तारेचं टोक फ्लक्समध्ये (डाग नीट धरावा म्हणून लावायची पेस्ट) बुडवून त्या थेंबात धरतो आणि थांबतो. आधी काहीच होत नाही, मग थोडा धूर येतो, वॉर्निश काळं पडून मागे सरकतं आणि एका क्षणी तार एकदम चांदीसारखी चमकते. ती चमक दिसली की काम झालं. मधे दोरा असतो तो जळला तरी चालतो. २५ वॉटची साधी गन पुरते फक्त पुरेशी तापू द्या.

कोणती वायर कुठे, हे रंगावर सोडू नका. बऱ्याच हेडफोनमध्ये केबल डाव्या कपात येते आणि उजव्याची जोडी वरच्या पट्टीतून जाते, म्हणजे तुमच्याकडे दोन जोड्या असतात. मल्टीमीटर ओहमवर ठेवून प्रत्येक जोडीला लावा, ज्या कानात 'टक' ऐकू येईल ती त्या कानाची. प्लगचं टोक म्हणजे डावा, मधली रिंग उजवा, मागचा लांब भाग ग्राउंड, दोन्ही ड्रायव्हरच्या मायनस त्या ग्राउंडला एकत्र. सॉकेटचा कोणता पाय कशाचा हे नेटवरच्या चित्रावरून ठरवू नका, कंपनीनुसार बदलतं. ऑक्स केबल (दोन्ही टोकांना ३.५ चा प्लग असलेली) घाला आणि दुसऱ्या टोकापासून मल्टीमीटरने कंटिन्युटी, म्हणजे जोड सलग आहे का ते, बघा, बीप खोटं बोलत नाही.

पायांना डाग देताना सॉकेटमध्ये प्लग घातलेलाच ठेवा. गरम झालं की आतलं प्लास्टिक मऊ पडतं आणि पत्रे सरकतात, प्लग असला की ते जागेवर राहतात. दोन-तीन सेकंदांत डाग द्या आणि गन उचला. नट आवळताना आतून सॉकेट पक्कडीने धरा, नाहीतर तोही फिरतो आणि आत्ताच लावलेल्या वायरींना पीळ पडतो. शेवटी नटावर नेलपॉलिशचा एक थेंब, म्हणजे सैल होत नाही.

मग गाणं लावा. संगीत येतंय पण गायकाचा आवाज गायब, सगळं पोकळ वाटतंय, तर ग्राउंड लागलेलं नाही, कारण मग दोन्ही बाजूंमधला फरकच तेवढा ऐकू येतो आणि गायक सहसा दोन्हीकडे सारखा असतो. हेच लक्षण प्लग पूर्ण आत जात नसेल तरी येतं, त्यामुळे डाग उकलायच्या आधी केबलची मूठ कपाच्या कडेला अडतेय का ते बघा.

तुम्ही असंही विचारलंय की हाच सॉकेट छोट्या अॅम्प्लिफायरच्या डब्याला चालेल का. चालेल, पण PAM8403 सारख्या अॅम्प्लिफायर चिपचं बोर्ड असेल तर हेडफोनसाठी तिथे लावू नका, त्याच्या आउटपुटचं मायनस ग्राउंड नसतं आणि सॉकेटमध्ये दोन्ही मायनस एकत्र झाले की चिप जाऊ शकते. डबा पत्र्याचा असेल तर सॉकेटची आट्यांची मान पत्र्याला टेकून ग्राउंड होते, कधी त्यानेच हम्म येतो, तिथे प्लास्टिकच्या मानेचा सॉकेट घ्या. आणि जुन्या टीव्हीला किंवा ट्रान्सफॉर्मर नसलेल्या रेडिओला हे बिलकुल करू नका, त्यांच्या चासीवर थेट घरातला करंट असू शकतो आणि हेडफोन तुमच्या डोक्यावर असतो.

कपात जागा निघालीच नाही तरी वाट आहे. जुनी वायर कपापासून १० सेंटीमीटर ठेवून कापा आणि तिच्या टोकाला वायरवर लावायचा फिमेल सॉकेट लावा, कपाच्या आत वायरीला एक गाठ मारा म्हणजे ओढ डागावर येत नाही. दिसायला तेवढं छान नाही पण माझा दुसरा हेडफोन असाच चालू आहे. कप उघडलात की आतला फोटो कमेंटमध्ये टाका, शेजारी पट्टी ठेवून, जागा पुरेल का ते बघून सांगतो.