कोणत्या क्लासिक रॉक गाण्यामागची गोष्ट तुम्हाला सर्वांत जास्त भिडली? गोष्ट कळल्यावर गाणं वेगळं वाटतं का?

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचं 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड'. आणि हो, वेगळं वाटतं. मला तर ते आता पूर्वीसारखं ऐकताच येत नाही.

गाणं आहे सिड बॅरेटसाठी. बँडचं नाव त्याने ठेवलं, १९६७चा पहिला अल्बम जवळजवळ सगळा त्यानेच लिहिला. पण त्याच वर्षी एलएसडी हे नशेचं औषध आणि ढासळत चाललेलं मन यांनी त्याला पोखरून टाकलं. स्टेजवर एकच कॉर्ड वाजवत राहायचा, नाहीतर नुसता उभा. मग जोडीला गिटारवादक डेव्हिड गिलमोरला घेतलं. जानेवारी १९६८मध्ये साउदॅम्प्टनच्या कार्यक्रमाला निघताना गाडीत विषय निघाला, सिडला घ्यायला जायचं का? राहू दे, असं ठरलं. बस, एवढंच. ना भांडण, ना निरोप. बँडमधल्या रॉजर वॉटर्सची तर सिडशी केंब्रिजपासूनची ओळख.

पुढे बँड जगभर गाजला. १९७४मध्ये तालमीत गिलमोरच्या गिटारवर चार स्वर सहज उमटले आणि वॉटर्सला त्यांतून सिड आठवला. गाण्याचे शब्द तिथून आले. रेकॉर्डवर हे चार स्वर जवळजवळ चार मिनिटांनी येतात. आधी नुसता कीबोर्डचा धूसर पडदा आणि त्यावर गिटारचा आलाप, मग अचानक ते चार स्वर, एकटे, पुन्हा पुन्हा. पहिला शब्द ऐकू यायला आठ मिनिटं उलटून जातात. घाई असेल त्या दिवशी हे गाणं लावूच नका.

५ जून १९७५. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत याच गाण्याचं काम चाललेलं असताना एक जाडजूड माणूस आत आला. डोकं तुळतुळीत, भुवयासुद्धा काढलेल्या. बराच वेळ कुणी ओळखलंच नाही. तो सिड होता. ओळख पटल्यावर वॉटर्सला रडू आवरलं नाही. 

सिडला पाहून हे गाणं सुचलं, असं पुष्कळ जण सांगतात. ते खरं नाही. गाणं आधीच तयार होतं, १९७४च्या कार्यक्रमांत वाजवूनही झालं होतं. माझ्या मते खरी कळ इथेच आहे. ते ज्याला साद घालत होते, तो समोर येऊन बसला आणि तरी सापडला नाही. हे मेलेल्या मित्रासाठी केलेलं गाणं नाही. सिड त्यानंतर एकतीस वर्षं जगला, केंब्रिजला चित्रं काढत, बागकाम करत. जुलै २००६मध्ये गेला.

ऐकताना एक जागा चुकवू नका. गाण्याचे नऊ भाग आहेत; शेवटचा, नववा भाग विरत जातो तेव्हा बँडचा रिचर्ड राइट कीबोर्डवर 'सी एमिली प्ले'ची चाल हळूच वाजवतो. ते सिडचं १९६७चं गाणं. आवाज इतका बारीक की हेडफोन लागतोच.

'विश यू वेअर हिअर' हा अल्बम मात्र सलग ऐका. हे गाणं दोन तुकड्यांत सुरुवातीला आणि शेवटी आहे. मधली तीन गाळू नका. त्यांतली दोन, 'वेलकम टू द मशीन' आणि 'हॅव अ सिगार', कलावंताला पिळून घेणाऱ्या संगीतधंद्यावर चिडून लिहिलेली आहेत. तो राग कानात असताना शेवटचा तुकडा सुरू व्हायला हवा.